डॉ. मणींची परीक्षानळी

(दृश्य : अंधार. यंत्राची संथ घरघर. हळूहळू एक हात दिसतो. मनगटाच्या वर दोरीसारखी फुगलेली शीर.)

निवेदन :

या शिरेवर अलगद बोट ठेवलं तर थरथर जाणवते. मांजर लाडात आलं की त्याच्या गळ्याला हात लावल्यावर लागते, तशी. डायलिसिसवरच्या, म्हणजे किडनीऐवजी यंत्राने रक्त गाळून घ्यावं लागणाऱ्या पेशंटला सगळ्यात आधी हीच सवय लावतात. सकाळी उठलं की चहाच्या आधी फिस्चुला तपासायचा. शस्त्रक्रियेने रोहिणी नीलेला जोडलेली असते, त्या जोडातून रक्त जोरात धावतं, म्हणून ही थरथर. ती थांबली की धावपळ सुरू.

आठवड्यातून तीन वेळा, दर वेळी चार तास. एका बैठकीला सव्वाशे लिटरच्या आसपास शुद्ध पाणी लागतं. एवढा खटाटोप करूनही यंत्राला जमतं ते किडनीच्या कामातलं थोडंसंच. निरोगी माणसाच्या मुठीएवढ्या दोन किडन्या दिवसाला सुमारे १८० लिटर द्रव गाळतात, त्यातलं लिटर-दीड लिटर लघवीवाटे सोडतात, आणि बाकी सगळं रक्तात परत घेतात. त्याचा आवाज होत नाही, बिलही येत नाही.

या यंत्राजवळ ज्यांची उमेदीची वर्षं गेली, आणि पुढे ज्यांनी यंत्रापर्यंत माणूस येऊच नये म्हणून खटपट केली, त्या डॉक्टरांची ही गोष्ट. डॉ. मुथु कृष्ण मणी. वैद्यकाच्या जगात डॉ. एम. के. मणी.

(दृश्य : पेडर रोड, जसलोक हॉस्पिटलची उंच इमारत. जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

मुंबईचं जसलोक हॉस्पिटल. शेठ लोकूमल चनराय यांचा पैसा आणि सर्जन शांतिलाल मेहतांची कल्पना. ६ जुलै १९७३ रोजी पंतप्रधान इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. ही तारीख लक्षात ठेवा, कारण पुढच्या अडीच वर्षांत नियतीने इथे एक विचित्र गाठ घातली.

जून १९७५. आणीबाणी जाहीर झाली आणि जयप्रकाश नारायण यांना दिल्लीत अटक झाली. नजरकैदेचा बहुतेक काळ त्यांना चंदीगडच्या पीजीआय या सरकारी हॉस्पिटलमध्ये ठेवलं होतं. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली ती प्रकृती पार ढासळल्यावर. त्यांना मुंबईला आणलं, जसलोकमध्ये. दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. तिथल्या मूत्रपिंडविकार विभागाची धुरा डॉ. मणींकडे होती.

जेपींचं वय तेव्हा ७३. मधुमेह होता. त्या काळात, या वयाच्या आणि अशा प्रकृतीच्या माणसाला कायमच्या डायलिसिसवर घेणं ही आजच्यासारखी रोजची बाब नव्हती. भारतात डायलिसिस सुरू होऊन जेमतेम दीड दशक झालं होतं. मुंबईच्या केईएम हॉस्पिटलमध्ये १९६५ साली किडनी प्रत्यारोपणाचा पहिला प्रयत्न झाला, पण तो तगला नाही. पहिलं यशस्वी प्रत्यारोपण झालं ते १९७१ साली, वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये. सगळा विषयच नवा होता.

जेपींसाठी यंत्र घ्यायचं म्हणून लोकांनी वर्गणी काढली. इंदिरा गांधींनीही ९० हजार रुपये पाठवले. जेपींनी ते परत केले. या प्रसंगावर राजकारणाच्या अंगाने खूप लिहिलं गेलंय. आपण तो जरा हॉस्पिटलच्या बाजूने बघू. एक पेशंट आहे, ज्याच्या शुद्ध रक्ताचा हिशेब दर दोन-तीन दिवसांनी नव्याने मांडावा लागतो. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी तो ताजातवाना, तिसऱ्या दिवशी मळमळ, थकवा, पायांवर सूज. पाणी मोजून प्यायचं, मीठ मोजून खायचं. आणि असा माणूस विरोधी पक्षांची मोट बांधतो, १९७७च्या निवडणुकीत देशभर सभा घेतो, आणि केंद्रात पहिलं बिगर-काँग्रेस सरकार येतं. त्या सभांच्या तारखा डायलिसिसच्या वेळापत्रकाला वळसा घालून ठरवाव्या लागत असणार, हे इतिहासाच्या पुस्तकात कुणी लिहीत नाही.

मार्च १९७९मध्ये तर जेपी जसलोकमध्ये जिवंत असताना लोकसभेत त्यांना श्रद्धांजली वाहिली गेली. बातमी चुकीची निघाली. जेपी गेले ते त्यानंतर सहा महिन्यांनी, ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, पाटण्याला. किडन्या गेल्यावर जवळजवळ चार वर्षं ते जगले.

(दृश्य : हॉस्पिटलचा व्हरांडा. बाकावर बसलेले नातेवाईक, मांडीवर फायली.)

पण जेपी एकच होते. बाहेरच्या बाकावर जी माणसं बसलेली असत, त्यांच्यासाठी वर्गणी निघत नव्हती. बायकोचे दागिने, मग शेताचा तुकडा, मग उसनवारी. आठवड्याच्या तीन बैठका दोनवर येत, दोनाची एक होई, आणि एके दिवशी पेशंट यायचा थांबे. किडनीच्या डॉक्टरला हे रोज दिसतं. 

मराठीत आपण सरळ म्हणतो, ‘किडनी फेल झाली’. जणू काल पेपर दिला आणि आज निकाल लागला. खरं तर हा विद्यार्थी दहा-दहा वर्षं वर्गात गैरहजर असतो आणि घरी पत्ता नसतो. एकेका किडनीत दहा लाखांच्या आसपास गाळण्या. त्यातल्या निम्म्या गेल्या तरी बाकीच्या काम ओढतात. भूक लागते, झोप लागते. त्रास सुरू होतो तोवर परत फिरायची वाट बंद झालेली असते. आणि या गाळण्यांना खाणारे सगळ्यात मोठे दोन चोर आपल्या चांगल्या ओळखीचे आहेत : मधुमेह आणि रक्तदाब.

(दृश्य : चेन्नईचं जुनं छायाचित्र. गजबजलेला रस्ता.)

पुढे डॉ. मणी मद्रासला गेले, अपोलो हॉस्पिटलमध्ये मूत्रपिंडविकार विभागाचे प्रमुख म्हणून. १९९१ साली त्यांना पद्मभूषण मिळालं. चरित्रपटात अशा जागी टाळ्यांचा आवाज घालतात. आपण पुढे जाऊ, कारण त्याच सुमाराला तिथे जे चाललं होतं ते जास्त सांगण्यासारखं आहे.

ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं. शरीराने परकी किडनी झिडकारू नये म्हणून ते द्यायचं. त्यामुळे रक्ताच्या नात्याबाहेरच्या माणसाची किडनीही टिकू लागली. शास्त्राचा केवढा विजय! आणि त्याच दाराने दलाल आत आले. चेन्नईच्या विल्लिवाक्कम वस्तीतल्या इतक्या गरिबांनी किडन्या विकल्या की लोक तिला ‘किडनीवाक्कम’ म्हणू लागले.

डॉक्टरांमध्ये दोन तट पडले. एक बाजू म्हणायची, घेणारा जगतो, देणाऱ्याला पैसे मिळतात, मग बिघडलं कुठे? डॉ. मणी दुसऱ्या बाजूला होते, आणि ते गप्प बसणाऱ्यांपैकी नव्हते. विकत घेतलेल्या किडनीला त्यांचा विरोध होता, आणि तो त्यांनी वैद्यकीय नियतकालिकांतून जाहीरपणे लिहून मांडला. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा झाला. मेंदूमृत्यूला मान्यता मिळाली, अवयवांच्या खरेदी-विक्रीवर बंदी आली. पण कलम ९मध्ये एक फट राहिली. दाता जवळचा नातेवाईक नसेल तरी ‘आपुलकी किंवा जिव्हाळ्यापोटी’ किडनी देत असेल तर समिती परवानगी देऊ शकते. मग काय, अनोळखी मजुरांना अनोळखी श्रीमंतांबद्दल एकदम जिव्हाळा वाटू लागला. १९९७ साली डॉ. मणींनी यावर लेख लिहिला. मथळ्याचा मराठीत अर्थ होतो : कायद्याचं गाढव करताना. आपल्याच व्यवसायातल्या लोकांना हे तोंडावर सांगायला धाडस लागतं.

(दृश्य : खेड्यातली सकाळ. ओसरी. हातात पिशवी घेतलेली एक बाई दार वाजवते.)

आणि आता ज्यासाठी हा सगळा प्रवास केला, ती गोष्ट.

डॉ. मणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या किडनी हेल्प ट्रस्टने चेन्नईजवळच्या खेड्यांमध्ये सुमारे २५ हजार लोकांची घरोघर तपासणी केली. तपासणीला डॉक्टर नव्हते. थोडं प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्या होत्या. चार-दोन प्रश्न, रक्तदाब, आणि लघवीची तपासणी. त्यासाठीसुद्धा लघवीत बुडवायच्या महागड्या तपासणी-पट्ट्या वापरल्या नाहीत.

(दृश्य : परीक्षानळी, अगदी जवळून.)

नळीत थोडी लघवी घ्यायची, त्यात सल्फोसॅलिसिलिक आम्लाचे थेंब टाकायचे. नितळ राहिली तर ठीक. ताकाच्या निवळीसारखी गढूळ झाली तर प्रथिनं झिरपताहेत, गाळणीला भोक पडलंय. दुसऱ्या नळीत बेनेडिक्टचं निळं द्रावण. लघवी घालून तापवायचं. निळं राहिलं तर साखर नाही. हिरवं, पिवळं, विटकरी होत गेलं तर तितकी साखर जास्त. अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत आपण सगळ्यांनी हे केलंय, मार्कांसाठी.

ज्यांच्यात दोष सापडला, त्यांना डॉक्टर तपासत. आणि औषधं? बाजारातली सगळ्यात स्वस्त. मधुमेहाला मेटफॉर्मिन आणि ग्लिबेनक्लामाइड. रक्तदाबाला हायड्रोक्लोरोथायाझाइड, हायड्रॅलाझीन आणि रेसरपिन. या रेसरपिनशी थोडं थांबायला हवं. ते सर्पगंधेच्या मुळीतलं. सर्पगंधा रक्तदाब उतरवते, हे मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली एका ब्रिटिश नियतकालिकात लिहून जगाच्या नजरेला आणून दिलं. पुढे नवी चकचकीत औषधं आली आणि रेसरपिन अडगळीत गेलं. डॉ. मणींच्या प्रकल्पाने ते अडगळीतून काढलं, कारण ते परवडत होतं.

रक्तदाबाच्या ९६ टक्के रुग्णांचा दाब १४०/९०च्या खाली आला. साखरेचं यश कमी, निम्म्याहून थोडं जास्त, आणि तेही त्यांनी तसंच छापलं. सगळ्या लोकसंख्येवर वाटून खर्च आला माणशी वर्षाला २७ अमेरिकी सेंट. त्या वेळचे बारा-तेरा रुपये.

ही आकडेवारी आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आली. त्यासोबत फोटो काढावा असं काही नव्हतं. वाचलेली किडनी दिसत नाही. जो माणूस डायलिसिसला कधी गेलाच नाही, त्याला आपण काय टाळलं हे ठाऊकच नसतं. तो दाराशी येऊन आभार मानत नाही, उलट गोळ्या घ्यायचा कंटाळा करतो.

(दृश्य : बाई नळी उजेडात धरते. पाणी नितळ. ती नळी विसळते, वहीत खूण करते, चपला घालते आणि शेजारच्या घराकडे वळते.)