निरोध वापरला, तरी दिवस गेले

(लग्न ठरलेली मुलं-मुली आणि त्यांच्या आईवडिलांसाठी बडोद्यात एका स्त्रीरोगतज्ज्ञ डॉक्टरांनी दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप.)

मागच्या रांगेतल्या काकांनी चष्मा काढून ठेवलाय. असू द्या काका, पाण्याचा जग दिसला तरी पुरे.

रावपुऱ्यात दवाखाना चालवताना मी जी वाक्यं सगळ्यात जास्त ऐकली, त्यातलं एक हे: "डॉक्टर, निरोध वापरला, तरी दिवस गेले." नवरा बाहेर बाकावर मान खाली घालून बसलेला असतो, आणि दोघांचीही खात्री असते की माल खराब निघाला. म्हणून आज आधी मालाचीच परीक्षा घेऊ.

हा साधा कंडोम, कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो तो. यात मी पाणी ओततेय. कारखान्यातल्या चाचणीत काही नग काढून त्यांत ३०० मिलिलिटर पाणी भरतात आणि गळतं का बघतात. इथे अर्धा जग रिकामा झाला, बघा, लोंबतोय पण थेंब नाही. शिवाय विजेची चाचणी असते. रबरातून वीज जात नाही, पण कुठे बारीकसं भोक असलं तर जाते, आणि तो नग बाजूला पडतो. आता हा दुसरा. हा फुगवून गाठ मारते, वरून बोटभर खोबरेल तेल चोळते आणि टेबलावर ठेवून देते. त्याच्याकडे नंतर येऊ.

आता आकडे. १०० जोडपी घ्या, वर्षभर. काहीच वापरलं नाही तर साधारण ८५ जणींना दिवस जातील. कंडोम दरवेळी, सुरुवातीपासून शेवटपर्यंत, बिनचूक वापरला तर २ जणींना. आणि माणसं खरोखर वापरतात तसा वापरला तर १३ जणींना. हे आकडे अमेरिकेतल्या पाहण्यांमधले आहेत. जोडपी तिथली असली तरी रबर तेच आणि घाईही तीच.

यात एक घोटाळा शिकलेली माणसंसुद्धा करतात. १३ म्हणजे शंभर वेळा वापरला की तेरा वेळा फसला, असं नाही. हा हिशेब शंभर जोडप्यांच्या एका वर्षाचा आहे. दुसरी बाजूही ऐका. २ हा आकडा दर वर्षाचा आहे. तसाच दहा वर्षं चालला, तर हिशेबाने शंभरातल्या अठराजणींना कधी ना कधी दिवस गेलेले असतील. त्या अठरा घरांत कुणाची चूक शोधत बसू नका.

...ऐकलंत? फुटला. कुणी हात लावला नव्हता. लेटेक्स म्हणजे रबराच्या झाडाचा चीक. तेल लागलं की तो काही मिनिटांत कमजोर होतो. खोबरेल, व्हॅसलीन, थंडीतली क्रीम, सगळं त्यातच आलं. आपल्या घरांत खोबरेल लागत नाही कशाला? केसांना, टाचांना, दाराच्या बिजागरीला! कंडोमला मात्र नाही. पाण्यात विरघळणारी किंवा सिलिकॉनची जेली चालते.

तर २ आणि १३ यांच्यातले हे अकरा कुठून येतात? तेल हे एक कारण झालं. खरं मोठं कारण दवाखान्यात असं बाहेर येतं:

"दरवेळी वापरलात?"

"हो, दरवेळी."

"दरवेळी म्हणजे?"

"म्हणजे... पाकीट संपलं होतं, तो एक शनिवार सोडून."

तो शनिवारही त्या १३ मध्ये मोजलेला असतो. कंडोम ड्रॉवरमध्येच राहिला, तरी नाव कंडोमचंच खराब होतं. मग येतात अर्ध्यात चढवणारे. त्याआधीच्या स्रावातही शुक्राणू असू शकतात. दाताने पाकीट फाडणारे. उलटा बसला म्हणून तोच सुलट करून लावणारे. तो टाकून द्या, नवा घ्या. टोकाशी चिमटीने हवा काढत नाहीत. काम झाल्यावर कड धरून लगेच बाहेर येत नाहीत, मग तो आत निसटतो. आणि एकावर एक दोन घालणारे शहाणे! दोघं घासून उलट लवकर फाटतात.

मग तांबी का नाही बसवायची? कॉपर टी वापरणाऱ्या शंभरात वर्षाला एकीलाही दिवस जात नाहीत. भरवसा एवढाच निकष असेल तर ती कंडोमच्या पुढे आहे, हे मी लपवणार नाही. पण एचआयव्ही आणि इतर गुप्तरोगांपासून ती वाचवत नाही. दोन्ही वापरणाऱ्या जोडप्यांना मी हुशार म्हणते.

एक गोष्ट मला बोचते. र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं १९२१ साली. सरकारी निरोध आला १९६८ मध्ये, पंधरा पैशांना तीन. आणि २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के जणींची नसबंदी झालेली, कंडोम ९.५ टक्के, आणि नवऱ्याची नसबंदी ०.३ टक्के. टाके कुणाच्या पोटावर पडतात, ते बघा.

फाटलाच तर? ७२ तासांच्या आत लेव्होनॉर्जेस्ट्रेलची गोळी, जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांच्या आत तांबी बसवली तर ती गोळीपेक्षाही खात्रीची. पाळी आठवडाभर लांबली तर लघवीची तपासणी करा, वाट बघत बसू नका. गर्भनिरोधक फसू शकतं हे कायद्यालाही मान्य आहे. या कारणासाठी गर्भपाताची मुभा पूर्वी विवाहित जोडप्यापुरती होती. २०२१ च्या दुरुस्तीने "पती" जाऊन "जोडीदार" आला.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात. ही वाचते, अक्षर आईचं दिसतंय: "मुलाच्या पाकिटात कंडोम सापडला. काय करू?"

पाकिटात ठेवू नकोस म्हणून सांगा, बाई. मागच्या खिशात तो रोज बसून दाबला जातो, वर आपला बडोद्याचा मे महिना. उष्णतेने आणि घासण्याने रबर जातं. कपाटात, थंड जागी ठेवायला सांगा. आणि वेष्टनावरची तारीख बघून घ्या.

पुढची चिठ्ठी?