मधले तास

नमस्कार श्रोतेहो. भोसरी, चाकण, तळेगाव, रांजणगावकडे जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये बसून कुणी हे ऐकत असेल, तर त्याला आधी एक विचारतो. काल घरी किती वाजता पोचलात, आणि आज किती वाजता निघालात? कामाचे तास नका सांगू, ते टाइम ऑफिसला माहीत असतात. मला मधले तास हवेत.

मी स्वतः टाइम ऑफिसचाच माणूस. भोसरीतल्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टाइमकीपर होतो. गेटमधून आत आलं की डाव्या हाताला माझी खिडकी, शेजारी पंचिंगचं घड्याळ आणि त्याच्या दोन्ही बाजूंना कार्डं ठेवायची लोखंडी घरं. कार्ड सारलं की खटॅक आवाज यायचा. वेळेवर आलेल्याला निळी शाई, उशिरा आलेल्याला लाल. पुढे बोटाचा ठसा घेणारं मशीन आलं, तोंड ओळखणारंही आलं, पण मी अजून माणसं टोकन नंबरनेच ओळखतो. त्यामुळे आज ज्याच्याबद्दल सांगणार आहे तो टोकन नंबर चारशे सतरा. सांगवीला राहायचा, सीएनसी लेथवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या कातकामाच्या मशिनवर होता, हाताला चांगला.

आमच्याकडे पहिली पाळी साडेसहा ते तीन, दुसरी तीन ते साडेअकरा आणि उरलेली रात्र तिसरीची. एका बुधवारी चारशे सतरा दुसऱ्या पाळीला होता. रात्री साडेअकराला त्याचा रिलिव्हर, म्हणजे त्याच्या जागी उभा राहणारा माणूस, आलाच नाही. सुपरवायझर म्हणाला, "चार तास ओढ, मग जीपने सोडतो." ओढले. कार्डावर आउटची वेळ पडली पहाटे तीन चौतीस. गुरुवार आमचा साप्ताहिक सुट्टीचा दिवस, पण त्या आठवड्यात माल अडकला होता, म्हणून गुरुवार वर्किंग लावला होता आणि सगळ्यांना पहिल्या पाळीला बोलावलं होतं. त्याच कार्डावर पुढच्या ओळीत इनची वेळ आहे सहा सत्तावीस. शाई निळी. वेळेवर आला म्हणून निळी!

तीन चौतीस ते सहा सत्तावीस. दोन तास त्रेपन्न मिनिटं. त्यात जीप, सांगवी, हातपाय धुणं आणि परत बस आली. झोप किती, ते तुम्हीच काढा.

दहाच्या सुमारास मशिनवर मोठा आवाज झाला. जॉब, म्हणजे कापायचा तुकडा, त्याला धरून फिरवणाऱ्या चकमध्ये नीट आवळला नव्हता आणि सायकल स्टार्टचं बटण दाबलं गेलं. जॉब सुटून दारावर आपटला. दार बंद होतं म्हणून कुणाला लागलं नाही. स्पिंडलचं काम निघालं, मशीन दोन दिवस उभी राहिली. चौकशी झाली. अहवालात लिहिलं, ऑपरेटरचा निष्काळजीपणा. चारशे सतराला मेमो मिळाला. त्या चौकशीत त्याचं कार्ड कुणी मागितलं नाही. ते माझ्या ड्रॉवरमध्ये होतं आणि मीही ते पुढे केलं नाही. हे सांगायला मला वीस वर्षं लागली आणि त्यासाठी रेडिओवर यावं लागलं, ही गोष्ट वेगळी.

आता तेव्हाच्या कायद्याचं बघू. कारखाने कायदा १९४८ चा. आठवड्याला ४८ तास, दिवसाला ९ तास. पाच तासांच्या आत अर्धा तास सुट्टी. मधली सुट्टी धरून सगळा पसारा साडेदहा तासांच्या आत. जादा कामाला दुप्पट मजुरी. हे आम्हाला तोंडपाठ होतं, इन्स्पेक्टर आला की पोपटासारखं म्हणायचो. त्या बुधवारी ही मर्यादा मोडली गेलीच होती, खोटं कशाला बोलू. जादाचे चार तास रजिस्टरात दोन वेगळ्या दिवसांवर मीच वाटून टाकले. पण माझं म्हणणं वेगळं आहे. समजा रिलिव्हर आला असता आणि चारशे सतरा बरोबर साडेअकराला सुटला असता. तरी मध्ये सातच तास उरले असते. त्यात मी एक अक्षरही खोटं लिहिलं नसतं आणि गुरुवारच्या बदली सुट्टी दिली असती तर कायद्याचं एकही कलम मोडलं नसतं.

कारण त्या कायद्याचा दिवस रात्री बाराला सुरू व्हायचा. पाळी बाराच्या पुढे गेली, तर पुढचे तास आदल्या दिवसात धरायचे, असं त्यातलं ५७ वं कलम सांगायचं. म्हणजे पहाटेपर्यंत राबलेले तास बुधवारच्या खात्यात गेले आणि गुरुवार कोरा उघडला. माणूस तोच, डोळे लाल झालेला, पण रजिस्टरात ताजातवाना. त्या कायद्यात सर्वसाधारण पुरुष कामगारासाठी 'दोन पाळ्यांमध्ये इतके तास' असं कलमच नव्हतं. बायकांसाठी मात्र ६६ व्या कलमात एक ओळ होती: पाळी बदलायची ती सुट्टीनंतरच. ती ओळ लिहिणाऱ्याला दंडवत. सगळ्यांसाठी का नाही लिहिली, हे त्यालाच विचारायला हवं होतं.

आता हे सगळं बदलतंय. सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने दिवसाची मर्यादा ९ वरून १२ तास आणि तीन महिन्यांतल्या ओटीची, म्हणजे जादा कामाची मर्यादा ११५ वरून १४४ तास करायला मान्यता दिली, कामगाराची लेखी संमती घेऊन. नोव्हेंबरमध्ये या जुन्या कामगार कायद्यांच्या जागी केंद्राच्या कामगार संहिता लागू झाल्या. चर्चा झाली ती सगळी बारा तास काम चांगलं की वाईट यावर. उरलेल्या बारांचं काय, ते कुणी काढेना. चाकणहून हडपसरला जाणाऱ्याचे जाता-येता तीन तास रस्त्यावरच जातात. पाऊस असला आणि तळेगाव चौक तुंबला तर त्याहून जास्त. अंघोळ, जेवण, पोराच्या अभ्यासाकडे एक नजर. हातात राहतात सहा-सात तास, तेही लगेच डोळा लागला तर.

गंमत म्हणजे मधले तास मोजायची पद्धत आपल्या देशात नाही असं नाही. एसटी, पीएमपीच्या चालक-वाहकांसाठी १९६१ चा मोटार वाहतूक कामगार कायदा आला. त्यात एका दिवसाची ड्युटी संपल्यापासून दुसऱ्या दिवसाची सुरू होईपर्यंत सलग नऊ तास विश्रांती हवी, असं स्पष्ट लिहिलं होतं. रेल्वेत लोको पायलट आठ तास किंवा जास्त ड्युटी करून आपल्या मुख्यालयी परतला की सोळा तासांची विश्रांती धरतात. आणि पत्रकारांचं ऐका. १९५७ च्या नियमांत त्यांच्यासाठी होतं, रात्रपाळीवरून दिवसपाळीवर जायचं तर मध्ये २४ तास, आणि एका दिवसपाळीवरून दुसऱ्या दिवसपाळीवर जायचं तरी १२. पुढे 'अडचण होत असेल तर' अशी पळवाट होती, ती कुठल्या नियमात नसते? पण आकडा तर लिहिला होता. बातमी लिहिणाऱ्याला चोवीस तास आणि तीन हजार आरपीएमवर फिरणाऱ्या चकसमोर उभ्या राहणाऱ्याला काहीच नाही, हे मला कधी कळलं नाही. युरोपीय संघात १९९३ च्या निर्देशापासून चोवीस तासांत सलग ११ तास विश्रांती हा नियम आहे. जपानने २०१९ पासून मालकांना तसे प्रयत्न करायला सांगितलं, सक्ती केली नाही.

पुण्याच्या जुन्या लोकांनी मात्र एक शहाणपण केलं होतं आणि ते कुठल्या कलमात नव्हतं. आपल्याकडे पिंपरी-चिंचवड, भोसरीत सुट्टी गुरुवारची, आणि बहुतेक ठिकाणी पाळी बदलायची ती त्या सुट्टीनंतर. बुधवारी रात्री दुसऱ्या पाळीतून सुटलेला माणूस शुक्रवारी सकाळी पहिल्या पाळीला यायचा. मध्ये तीस-एकतीस तास सहज. सुट्टीच्या पोटातच ती विश्रांती लपलेली होती, म्हणून कुणाला वेगळा नियम लागला नाही. गुरुवार वर्किंग लागला की ती सगळी जाते. पैसे दुप्पट मिळतात, बदली सुट्टी पुढे कधीतरी मिळते, पण नेमके पाळी पालटण्याच्या वळणावरचे ते तास गेले ते गेलेच.

सुट्टी निघाली म्हणून आठवलं. गिरणी कामगारांना रविवार मिळाला १८९० मध्ये, कामगार पुढारी नारायण मेघाजी लोखंड्यांमुळे. त्यांचं मूळ गाव कन्हेरसर, आपल्याच खेड तालुक्यातलं. चाकणची एमआयडीसीही त्याच तालुक्यात आहे. तिथे उद्या 'संडे वर्किंग'ची नोटीस लावताना कुणाला हे आठवेल अशी माझी अपेक्षा नाही.

झोपेचं शास्त्र मी काय सांगणार. पण एक हिशेब डोक्यातून जात नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये मोजून दाखवलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस जितका चुकतो, तितका तो रक्तात ०.०५ टक्के दारू असताना चुकतो. आपल्याकडे गाडी चालवताना मर्यादा आहे १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. चारशे सतरा दुसऱ्या पाळीच्या दिवशी सकाळी सातला उठायचा. रात्री बारा वाजता त्याचे सतरा तास भरले. त्यानंतर साडेतीन तास तो मशिनवर होता. नाशिक फाट्यावर पोलीस दारू प्यालेल्याला अडवतात, ते बरोबरच आहे. कंपनीतून सुटलेल्याला तोंडात फुंकायला लावलं तर काय निघणार? नुसता चहाचा वास.

आता तुम्ही म्हणाल, मग कामगार नाही का म्हणत नाही? अहो, ओटी म्हणजे हप्ता असतो. फ्लॅटचा, गाडीचा, मुलीच्या क्लासचा. ओटी मिळावी म्हणून सुपरवायझरच्या मागे लागणारे मी पाहिलेत आणि मी स्वतःही लागलोय. त्यात ठेकेदाराकडचा मुलगा असेल तर त्याला नाही म्हणायची सोय नसते, दुसऱ्या दिवशी गेटपासच बंद होतो. म्हणून विश्रांतीचा नियम करताना एक गोष्ट त्यात पाहिजेच. मधले तास पूर्ण करायला माणूस पहिल्या पाळीला तीन तास उशिरा आला, तर त्या तीन तासांचे पैसे कापायचे नाहीत. हे नसेल तर तुम्ही अकरा तास लिहा नाही तर वीस, माणूस साडेसहाला येऊन निळी शाई उमटवणारच. युनियनच्या मित्रांना एवढंच सांगतो. करारात पगारवाढीच्या आकड्यावर महिनाभर बसता, त्यात या एका ओळीसाठी अर्धा तास काढा. मी दहा तासांपासून सुरुवात केली असती.

हिंजवडीच्या आयटीवाल्यांना वाटेल, हे आपलं नाही. रात्री दीडला अमेरिकेचा कॉल संपवून सकाळी साडेनऊच्या मीटिंगला कॅमेरा बंद ठेवून बसणारा माझा भाचा आहे. त्याच्याकडे तर कार्डही नाही. आणि सोसायटीच्या गेटवरचा वॉचमन? रिलिव्हर आला नाही की बारा तासांचे चोवीस. त्याला आपण झोपला म्हणून ओरडतो.

चारशे सतराच्या मेमोनंतर मी एक केलं. माझ्या वहीत पेन्सिलने एक जास्तीचा रकाना आखला आणि वर लिहिलं, 'मधे'. आउटपासून पुढच्या इनपर्यंतचे तास. दहाच्या खाली आकडा आला की गोल. महिनाभराने वही प्रॉडक्शनच्या साहेबांपुढे ठेवली. एका महिन्यात बावीस गोल होते. साहेब वाईट नव्हते. म्हणाले, "ठीक आहे, रात्री थांबवलेल्यांना सकाळी साडेनऊला बोलवा, हजेरी पूर्ण लावा."

पहिल्याच आठवड्यात चारशे सतराला रात्री थांबवलं. दुसऱ्या दिवशी मी खिडकीत बसलो होतो, आणि हा सहा पंचवीसलाच समोर हजर. मी म्हटलं, "अरे, तुला साडेनऊला यायचंय ना?" तो म्हणाला, "काका, बस पाचलाच येते. साडेनऊची बस कुठाय?" तीन तास तो कॅन्टीनच्या बाकावर बसून राहिला, उशाला डबा घेऊन.

बस तर आम्हाला फिरवता येईना. शेवटी ठरलं, अशांनी पीएमपीने यावं, तिकिटाचे पैसे कंपनी देईल. ते पैसे कोणत्या खात्यात टाकायचे, यावर अकाउंटवाल्यांनी तीन आठवडे काढले. प्रवासभत्त्यात बसेना, ओटीत बसेना. अखेर चहापाण्याच्या खर्चात टाकले. मी निवृत्त झालो तेव्हाही ते तिथेच जात होते.

नमस्कार.