अकरा वर्षं पार्लमेंटच नाही : पहिल्या चार्ल्सचा पैशाचा जुगाड

मागच्या वेळी आपण इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स आणि १६२८ ची पिटिशन ऑफ राइट, म्हणजे मंजुरीशिवाय कर लावणार नाही असं पार्लमेंटने त्याच्याकडून कबूल करून घेतलेला अर्ज, इथपर्यंत आलो होतो, आज तिथून पुढे जाऊया.

२ मार्च १६२९. हाउस ऑफ कॉमन्सचा स्पीकर जॉन फिंच खुर्चीतून उठायला बघतोय, कारण राजाचा हुकूम आलाय की सभा तहकूब करा, आणि स्पीकर उठला की सभा संपली. तर डेन्झिल हॉलिस आणि बेंजामिन व्हॅलेंटाइन हे दोघं मेंबर त्याला धरून चक्क खुर्चीत दाबून बसवतात. दाराला आतून कुलूप, बाहेरून राजाचा माणूस दार ठोठावतोय, फिंच रडतोय, आणि आत ठराव पास होतायत की जो कोणी धर्मात नवीन प्रकार आणेल, किंवा पार्लमेंटच्या मंजुरीशिवाय जकात घ्यायचा सल्ला देईल, तो राज्याचा शत्रू. धर्म आणि पैसा एकाच दमात, हे लक्षात ठेवा. यामागचा मुख्य माणूस जॉन इलियट तुरुंगात गेला तो परत आलाच नाही, १६३२ मध्ये लंडनच्या टॉवर या किल्ल्यातल्या तुरुंगातच वारला.

मग चार्ल्सने ठरवलं की पार्लमेंट नकोच. पण खर्च कसा भागवायचा? मागच्या शंभरेक वर्षांत भाव कितीतरी पटींनी वाढले होते, राजघराण्याच्या जमिनी विकून विकून कमी झालेल्या, त्यामुळे नवीन काही करण्यापेक्षा जुने कायदे उकरून काढायचे, असं सुरू झालं. वर्षाला ४० पौंडांची जमीन आहे आणि राज्याभिषेकाला येऊन नाइट (राजाने द्यायचा सरदारकीचा किताब) झाला नाहीस? भर दंड! साबण बनवायचा मक्ता एका कंपनीला दिला, त्या कंपनीत कॅथलिक मंडळी होती आणि देश प्रोटेस्टंट, म्हणून लोक त्याला पोपचा साबण म्हणायला लागले, आता कपडे धुण्यातही धर्म आला बघा.

आणि सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे शिप मनी. युद्धाच्या धोक्यात बंदराच्या गावांनी राजाला जहाजं द्यायची ही जुनी पद्धत, १६३४ मध्ये ती काढली आणि १६३५ मध्ये समुद्र कधी न बघितलेल्या जिल्ह्यांनाही लावली, वर्षाला साधारण २ लाख पौंड. बकिंगहॅमशरच्या जॉन हॅम्पडेनने एका जमिनीवरचे फक्त २० शिलिंग, म्हणजे एक पौंड, भरायला नकार दिला. माणूस चांगला श्रीमंत होता, २० शिलिंग म्हणजे त्याला काहीच नाही. त्याचा वकील ऑलिव्हर सेंट जॉनचा मुद्दा मला फार आवडतो: हुकूम ऑगस्टमध्ये काढला, जहाजं मागितली पुढच्या मार्चसाठी, म्हणजे हातात सात महिने, आणि पार्लमेंट बोलवायला लागतात ४० दिवस, मग ही कसली इमर्जन्सी? १६३८ मध्ये निकाल ७ विरुद्ध ५ असा राजाच्या बाजूने लागला, आणि त्या सातांमध्ये कोण, तर आपले फिंच, आता चीफ जस्टिस झालेले.

आता माझं मत सांगतो. हॅम्पडेनमुळे राजाचं गाडं अडलं असं आपण शाळेत पाठ करतो, पण सुरुवातीच्या वर्षांत शिप मनी नव्वद टक्क्यांच्या वर वसूल होत होता, लोक कुरकुरत होते पण भरत होते. शांतता राहिली असती तर चार्ल्सने अजून किती वर्षं काढली असती कोण जाणे. गाडं अडलं ते स्कॉटलंडमध्ये, आणि तेही प्रार्थनेच्या पुस्तकावरून. इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख आर्चबिशप लॉड याच्या वळणाचं नवीन पुस्तक चार्ल्सने तिकडच्या प्रेस्बिटेरियन, म्हणजे बिशपांची सत्ता न मानणाऱ्या प्रोटेस्टंट लोकांवर लादलं, २३ जुलै १६३७ ला एडिंबरात सेंट जाइल्स चर्चमध्ये डीनने, म्हणजे तिथल्या मुख्य पाद्र्याने, ते वाचायला घेतलं आणि बायकांनी बसायची स्टुलं भिरकावली. दंगल, मग बंड, मग युद्ध, आणि जुगाडाच्या पैशावर घर चालतं हो, युद्ध नाही चालत.

एप्रिल १६४० मध्ये झक मारत पार्लमेंट बोलावलं, तीन आठवड्यांत रागाने मोडलं. ऑगस्टमध्ये स्कॉट सैन्य थेट न्यूकॅसलमध्ये, लंडनच्या चुलीतला कोळसा तिथूनच यायचा. तह असा झाला की ते परत जाईपर्यंत त्यांना रोजचे ८५० पौंड द्यायचे. ते आणायचे कुठून? पार्लमेंटमधून! म्हणजे नोव्हेंबरमध्ये जे पार्लमेंट बसलं ते घरी पाठवायची सोयच राजाकडे राहिली नाही, आणि त्यांनी पहिल्याच हिवाळ्यात हिशोब मागायला सुरुवात केली. फिंच डिसेंबरातच हॉलंडला पळाला. राजाचा खास सल्लागार स्ट्रॅफर्ड, त्याला पळता आलं नाही, त्याचा खटला पुढच्या वेळी घेऊ.