मागून धरणाऱ्या

नमस्कार. वाचनालयातून फोन आला की विषय काय ठेवताय, तेव्हा मी म्हटलं गाण्यावर बोलते, पण गाणाऱ्यांवर नाही हं, त्यांच्या मागे जे बसतात ना त्यांच्यावर. मी स्वतः मागे बसणारीच आहे. वसई ते दादर, लोकलचा लेडीज डबा, आमच्या भजनात मी 19 वर्षं कोरसला आहे.

आमचं भजन म्हणजे विरारहून चढणाऱ्या एक काकू पुढे गाणार आणि आम्ही दहा-बाराजणी मागून धरणार. आमच्यात शब्दच तो आहे, धरणं. टाळांच्या दोन जोड्या आणि ठेक्याला पार्टिशनचा पत्रा, बाकी काही नाही. लेडीज स्पेशल 1992 च्या 5 मेला सुरू झाली, चर्चगेट-बोरिवली, काकूंची नोकरी पण त्याच वर्षाची, त्यामुळे त्या तारीख कधी विसरत नाहीत.

तर नायगाव सुटलं की भाईंदरची खाडी लागते. पुलावर गाडी चढली की आवाज एकदम बदलतो, खालून पोकळ घुमायला लागतं, दारातली एखादी बाई निर्माल्याची पिशवी खाडीत सोडत असते, आणि तेवढा वेळ काकूंचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, ओठ हलताना दिसतात फक्त. आता इथे ठेका सुटला तर पूल संपेपर्यंत काकू एकीकडे आणि आम्ही भलतीकडे. म्हणून नवीन मुलगी आली की मी तिला सांगते, पुलावर कान सोडून दे, काकूंच्या मनगटाकडे बघ. टाळ वर जाताना मनगट किंचित वळतं, तिथे सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, येणार हे कळतं. हे मला कोणी शिकवलं नाही, शेजारी उभ्या असलेल्या बाईकडे बघून बघून आलं.

माझं लहानपण गिरगावात गेलं. चाळीत वरच्या मजल्यावर एक बाई गाणं शिकवायच्या, आईने मला तिकडे घातलं. बाईंनी मला दोन वर्षं तानपुऱ्यावर बसवलं, म्हणजे गायच्या त्या आणि मोठ्या मुली, मी आपली चार तारा छेडत बसायचे. बाई आधी जव्हारीचा दोरा सरकवायच्या, तारेखाली असतो ना तो, केसभर सरकला की तीच तार अशी काही बोलायला लागते की खोली भरून जाते. आणि मालकंस असला की पंचमाची तार मध्यमावर उतरवायची, कारण त्या रागात पंचम नाहीच. एकदा मी उतरवायची विसरले. बाईंनी तोंड उघडलं, मिटलं, काही बोलल्या नाहीत, उठून स्वतः खुंटी फिरवली आणि परत जाऊन बसल्या. पुढे गाणारीचं अख्खं गाणं मागच्या पोरीच्या एका तारेवर उभं असतं हे मला त्या दिवशी कळलं, तेव्हा मी 11 वर्षांची होते.

पोवाड्यात बघा, झीलकरी असतो, शाहिराच्या मागे उभा राहून सूर धरणारा. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर यांनी लालबावटा कलापथक काढलं ते आपल्याला माहीत असतं आणि असायलाच पाहिजे. पण शाहीर एवढं दमदार गातो तर श्वास कधी घेतो? मागचे 'जी जी रं जी' म्हणतात ना, तेव्हा. त्या तेवढ्या जागेत तो दम भरून घेतो. तमाशात हेच काम सुरत्ये करतात, टिपेला सूर लावून उभे. लालबागला हनुमान थिएटरात गिरणी कामगार रात्र रात्र बसायचे तेव्हा त्या सुरत्यांनी रात्र रात्र तो सूर लावलाय, आणि आपल्याला त्यातल्या किती जणांची नावं सांगता येतात?

सिनेमाच्या गाण्यांचं तेच. व्हायोलिनवाले, ट्रम्पेटवाले, गोव्याहून मुंबईत आलेले किती वादक, तबकडीवर नाव मात्र गायकाचं आणि संगीतकाराचं. त्यात प्यारेलालजींनी एक केलं, 'अमर अकबर अँथनी'तल्या गाण्यात अँथनी गोन्साल्विस हे नाव आलं ते त्यांच्या व्हायोलिनच्या गुरूंचं. 1977 साल. एक नाव तरी सगळ्या देशाच्या तोंडी आलं, मला त्याचा फार आनंद होतो.

आता डब्यात कोणी व्हिडिओ काढलाच तर फोन सरळ काकूंच्या तोंडासमोर धरतात. मला हे खटकतं, मनापासून खटकतं. तुम्ही कधीतरी फोन फिरवा ना मागे.

आणि हे फक्त गाण्याचं नाही. माझे सासरे गेले तेव्हा घरात चूल पेटणार नव्हती. डब्यातल्या तिघी वसईला उतरल्या, ऑफिसला खाडा करून, पिठलं-भात घेऊन. कोणी काही विचारलं नाही. एकीने पानं घेतली, एकीने येणारे फोन घेतले, एक नुसती सासूबाईंच्या शेजारी बसून राहिली संध्याकाळपर्यंत. कशी बसली होती माहितीये, तानपुऱ्यावर बसतात तशी.

काकू गेल्या वर्षी रिटायर झाल्या. दुसऱ्या दिवशी आम्ही सगळ्या डब्यात उभ्या आणि सुरूच कोणी करेना. पार अंधेरी आली. मग बोरिवलीला चढणाऱ्या मुलीने पत्र्यावर ठेका धरला आणि गायला लागली, सूर जरा वरचा लागला तिचा, पण आम्ही धरला.

आता काकू गुरुवारी येतात, मुद्दाम, दादरपर्यंत. पुढे जात नाहीत, आमच्यात उभ्या राहतात. पहिल्या गुरुवारी एक अभंग झाला आणि त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं, तुझा आवाज खालचा आहे होय? मला पुढे कधी वेगळा ऐकूच आला नाही." इतक्या वर्षांनी. मी काय बोलणार, दादर येत होतं, त्यांनी टाळ रुमालात गुंडाळले, पिशवीत घातले, आणि उतरताना ती पिशवी माझ्याकडे दिली.