बेटावरचा पेला आणि आपलं कागदी लिंबू

मंडळी, इथे येताना गंगापूर रोडला उसाचा रस प्यायलो. रसवाल्याने कांडी दुमडून चरकात घातली, सोबत अर्धं लिंबू आणि आल्याचा तुकडा. घुंगरं वाजली, पेला भरला. आज मी बेटांवरच्या ज्या कॉकटेल्सबद्दल बोलणार आहे, त्यांतल्या बऱ्याच पेयांचा पाया हाच: ऊस, लिंबू, गारवा. वर रम येते, आणि रमही उसाचीच. साखर काढून झाल्यावर कारखान्यात मळी उरते, ती आंबवून ऊर्ध्वपातन केलं की बहुतेक रम तयार होते. कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर तर मळीची वाट बघत नाहीत, ताज्या रसाचीच रम काढतात. तिथलं ‘टी पंच’ म्हणजे ती रम, लिंबाची फोड आणि उसाचा पाक. झालं.

हे साम्य आपोआप आलेलं नाही. ऊस तिकडचा नव्हेच. कोलंबसाने 1493 च्या दुसऱ्या सफरीत तो तिकडे नेला. ‘शुगर’ हा शब्द आपल्या शर्करेतून निघाला. आणि ज्याला तिकडे ‘की लाइम’ म्हणतात, ते आपलं कागदी लिंबूच! अननस मात्र उलट वाटेने आला, पोर्तुगीजांबरोबर, नावासकट.

आता डायकिरी. क्युबात सँतियागोजवळ या नावाचं गाव आहे, तिथे लोखंडाच्या खाणी होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे काम करणाऱ्या जेनिंग्स कॉक्स या अमेरिकन अभियंत्याच्या नावावर हे पेय सांगतात. पांढरी रम 60 मिली, लिंबाचा रस 25, साखरेचा पाक 20. शेकरमध्ये बर्फ घालून, शेकरला बाहेरून दव धरेपर्यंत जोरात हलवायचं. बर्फाचं जे पाणी त्यात उतरतं, तेही हवंच असतं. एक सांगतो, परदेशी कृतींतलं लिंबू बहुधा मोठं, बिनबियांचं, पर्शियन जातीचं असतं. आपलं कागदी त्याहून आंबट. मी 20 मिलीपासून सुरुवात करतो आणि चाखून वाढवतो. पिळताना फोड मुठीत चेचायची नाही, सालीचा कडवटपणा रसात उतरतो. आणि रस आयत्या वेळी काढायचा. सकाळी काढून ठेवलेल्या रसाची चव संध्याकाळपर्यंत उतरते, हे पन्हं-सरबत करणाऱ्या घरात वेगळं सांगायला नको.

मोहितो म्हणजे रम, लिंबू, साखर, पुदिना आणि सोडा. त्यात पुदिना कुटू नका. पानं हलकेच दाबली की वास सुटतो, चेचली की गवतासारखी चव येते.

मागे एका बेटावर, मोठ्या नावाच्या रिसॉर्टमध्ये, पिन्या कोलाडा, म्हणजे रम, अननस आणि नारळाचं कॉकटेल, मागवला. खोक्यातला पिवळा रस आणि डब्यातली साखरी मलई, वर छत्री. बाहेर रस्त्यावर पिकलेले अननस विकायला होते! मला खरंच वाईट वाटलं. नावाचा अर्थच मुळी ‘गाळलेला अननस’. कॅरिबियनमधल्या प्वेर्तो रिको बेटावर, सान हुआनच्या कॅरिबे हिल्टन हॉटेलात रामोन मरेरो या बारटेंडरने तो 1954 मध्ये केला असं सांगतात, आणि 1978 मध्ये प्वेर्तो रिकोने त्याला राष्ट्रीय पेय ठरवलं. घरी करताना नारळाचं पहिलं घट्ट दूध घ्या, पूर्ण पिकलेला अननस, थोडी साखर, लिंबाचे चार थेंब. रम न घालताही तो उत्तम लागतो. माझी आई तसाच पिते.

माय ताय हे रमचं कॉकटेल बेटावरचं वाटतं, पण ‘ट्रेडर विक’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकन रेस्टॉरंटवाल्याने ते 1944 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला बनवल्याचं मानतात.

मालदीवला जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवा: दारू रिसॉर्टच्या बेटांवर मिळते, स्थानिक वस्तीच्या बेटांवर नाही, आणि जाताना बरोबर नेताही येत नाही.

जमलं तर मॉरिशसला जा. 1834 पासून तिथे भारतातून गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर उसाच्या मळ्यांत गेले, त्यांत आपले मराठी लोकही होते. पोर्ट लुईला ते बोटीतून उतरले तो आप्रवासी घाट आजही बघता येतो. तिथे रममध्ये व्हॅनिलाची शेंग आणि संत्र्याची साल घालून महिनोन्महिने मुरवतात. एका छोट्या खानावळीत मालकाने अशी बरणी माझ्यासमोर ठेवली. मी नाशिकचा म्हटल्यावर तो जुन्या वळणाच्या मराठीत म्हणाला, “आमचे पणजोबा ह्याच उसावर आले.” मग त्याने लिंबू कापलं. तेही कागदीच होतं.