शिव्या लिहून परत पाठवलेलं साप्ताहिक

नमस्कार मंडळी. आज एका पेपरची गोष्ट सांगायचीय, 1898 सालच्या लाहोरची. नवरा-बायको मिळून एक उर्दू साप्ताहिक काढतात, नाव 'तहजीब-ए-निस्वाँ'. निस्वाँ म्हणजे बायका, आणि तहजीब म्हणजे संस्कार, सभ्यता, काय म्हणायचं ते म्हणा. आता ग्राहक आणायचे कुठून? तर त्यांनी सरकारी नोकरांच्या यादीतून नावं उचलली आणि अंक सरळ फुकट धाडून दिले. बरेच अंक परत आले, आणि नुसते परत नाही आले, वर शिव्या लिहून आले, त्याही घाणेरड्या. कॉमेंट सेक्शन तेव्हा पोस्टाने यायचा एवढाच काय तो फरक. 3 महिन्यांनी ग्राहक किती, तर 60-70.

संपादक होत्या मुहम्मदी बेगम, तेव्हा विशीतल्या. उर्दूतली पहिली स्त्री संपादक त्यांनाच मानतात. आणि नवरा, सय्यद मुमताज अली. आता तुम्हाला वाटेल की हा कोणी विलायतेतून शिकून आलेला साहेब असणार, तर अजिबात नाही, हा माणूस देवबंदच्या मदरशात शिकलेला मौलवी. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं तिथूनच येतं.

पेपरच्या आधी त्यांनी बायकांच्या हक्कांवर एक पुस्तक लिहिलं होतं, त्याचं हस्तलिखित घेऊन ते अलीगडला सर सय्यद अहमद खान यांच्याकडे गेले. मोठे सुधारक, 'तहजीब-उल-अखलाक' हे त्यांचं स्वतःचं मासिक 1870 पासूनचं. तर असं सांगतात की सर सय्यद पानं उलटत गेले, चेहरा लाल होत गेला, आणि शेवटी त्यांनी ते फाडून कचऱ्याच्या टोपलीत टाकलं. मुमताज अलींनी ते टोपलीतून गुपचूप उचलून आणलं. 1898 च्या मार्चमध्ये सर सय्यद गेले, त्यानंतरच पुस्तक छापलं आणि जुलैमध्ये पेपर. पुस्तकातला एक मुद्दा मला फार आवडतो. लोक म्हणतात पुरुष श्रेष्ठ, कारण ताकद जास्त. यावर मौलवीसाहेब म्हणतात, अहो ओझं तर गाढव माणसापेक्षा जास्त उचलतं, मग गाढवाला श्रेष्ठ म्हणायचं का?

बरं, आता मुद्द्यावर येतो. हा पेपर धर्म कसा दाखवत होता? तर एकच धोशा होता, दीन म्हणजे धर्म वेगळा आणि रस्म म्हणजे रूढी वेगळी. लग्नात कर्ज काढून उधळपट्टी, ती रस्म. मुलीला लिहायला शिकवायचं नाही (वाचायला चालेल पण लिहायला नको, म्हणे पत्रं लिहील कोणाला तरी), ती पण रस्म. शरीफ घरातली बाई उंबरठ्याबाहेरच पडणार नाही असा कडक पडदा, मुमताज अलींचं म्हणणं की एवढा तर धर्मानेही सांगितलेला नाही. म्हणजे बायकांसाठी जे मागायचं ते धर्माच्या विरोधात उभं राहून नाही, धर्माचंच पुस्तक उघडून मागायचं.

हे ऐकायला गोड वाटतं पण खरं वजन कळतं ते वारसाहक्कात. शरियतप्रमाणे मुलीला भावाच्या निम्मा वाटा आहे. निम्मा का, यावर वाद घाला, घालायलाच हवा, पण तेव्हा पंजाबात चालायचा रिवाज, आणि रिवाजात मुलीला जमिनीत काहीच नव्हतं. आपल्या मुंबईतही तेच, 1847 ला खोजा आणि मेमन मुली कोर्टात गेल्या की कुराणात आमचा वाटा आहे तो द्या, आणि जज पेरीसाहेब म्हणाले तुमच्या जमातीचा रिवाज असा नाही, संपला विषय. म्हणून अशा पेपरांत एखादी बाई 'आम्हाला शरियत द्या' म्हणते तेव्हा आजच्या कानांनी ते ऐकू नका, तिला हातात आहे त्यापेक्षा जास्त हवंय. रिवाजाऐवजी शरियत लावणारा कायदा आला 1937 मध्ये, आणि गंमत बघा, त्यातूनही शेतजमीन वगळलीच.

मग बाकीचे आले. अलीगडला शेख अब्दुल्ला (काश्मीरच्या राजकारणातले ते वेगळे हां) आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ यांचं मासिक 'खातून', 1904. 2 वर्षांत त्यांनी मुलींची शाळाही काढली. दिल्लीत 1908 ला राशिद-उल-खैरींचं 'इस्मत', यांच्या गोष्टी इतक्या रडवणाऱ्या की लोक त्यांना 'मुसव्विर-ए-गम' म्हणायचे, दुःखाचा चित्रकार.

पण मला विचाराल तर खरी मजा वाचकांच्या पत्रांत. घराबाहेर न पडलेल्या बायका, एकमेकींना कधी न भेटलेल्या, आणि एकमेकींना म्हणतात 'तहजीबी बहन'. नाव छापायचं नाही, कारण परक्या पुरुषाने नावसुद्धा वाचलेलं चालत नाही, मग सही कशी, तर 'अमक्याची मुलगी', 'तमक्याची आई'. जाहिदा खातून शेरवानी नावाची एक कवयित्री होती, काय जबरदस्त लिहायची, आणि छापून यायचं नुसतं 'जे खे शीन'. नावाची तीन उर्दू आद्याक्षरं, बस. 1922 मध्ये तिशी गाठायच्या आतच गेली.

आता मुरुड-जंजिरा. तुम्ही किल्ला बघता, बोटवाल्याशी घासाघीस करता, फोटो काढता आणि परत येता. त्या जंजिऱ्याची बेगम होती नाझली, आणि तिची बहीण अतिया फैजी, मुंबईच्या तय्यबजी गोतावळ्यातली. अतिया 1906 ला शिक्षिकेचं ट्रेनिंग घ्यायला लंडनला गेली, तिथून डायरी लिहून घरी पाठवायची आणि ती डायरी छापून यायची कुठे, तर लाहोरच्या याच 'तहजीब-ए-निस्वाँ'मध्ये. म्हणजे बघा ना, पंजाबातल्या कुठल्याशा गल्लीत पडद्यामागे बसलेली बाई वाचतेय की आपल्यासारखीच एक मुसलमान मुलगी डोक्यावर पदर घेऊन, पण तोंड उघडं ठेवून लंडनमध्ये फिरतेय, कॉलेजात जातेय. हजार व्याख्यानांनी होणार नाही ते अशा डायरीने होतं, असं माझं तरी मत आहे.

पण सगळंच छान होतं असं मी म्हणणार नाही. ही मासिकं शरीफ, म्हणजे खानदानी मध्यमवर्गाची, विणकराच्या नाहीतर मोलकरणीच्या घरात ती कशाला जातील. आणि रस्म काढता काढता बायकांचं स्वतःचं बरंच काही निघून गेलं. लग्नातली चावट गाणी, नवस, दर्ग्यावरचे धागे, सगळं अडाणीपणाच्या खात्यात. बोलणंसुद्धा सभ्य झालं. जुन्या दिल्लीच्या जनान्यात बायकांची वेगळीच बोली होती, बेगमाती जबान, त्यात उठता बसता 'मुआ', 'मुई', 'निगोडी'. मुआ म्हणजे आपल्याकडचं 'मेला' हो, 'मेल्या, कुठे होतास इतका वेळ' मधला. छापील उर्दूत हिशोब, आरोग्य, मुलांचं संगोपन, नमाज सगळं आलं, ही मुई मात्र दाराबाहेर राहिली. बाईला छापील आवाज मिळाला, पण तो जरा इस्त्री केलेला.

मुहम्मदी बेगम 1908 मध्ये गेल्या, जेमतेम तिशीच्या. पेपर घरच्यांनी पुढे चालवला, जवळजवळ 50 वर्षं.

तर तुमच्या घरात, कोकणात असो, मराठवाड्यात असो, आजी-नानी कुठली अशी खास बायकांची बोली बोलायची का, शिव्यांसकट? कॉमेंटमध्ये टाका. सभ्य करून टाकू नका पण, जशी होती तशीच टाका.