मूळ गाणं, नवा गळा

श्रोतेहो, नमस्कार. जुनं गाणं नव्या गळ्यातून ऐकलं की ‘मूळ गाण्याची सर नाही’ हा शेरा ओठांवर तयारच असतो. तो मारण्याआधी दोन्ही ध्वनिमुद्रणांचा आवाज सारखा करून घ्या. नवी मुद्रणं बहुधा जास्त जोरात वाजतात. एकदोन डेसिबलचा (आवाज मोजण्याचं एकक) फरक ‘जोर’ म्हणून जाणवतही नाही, पण तेच गाणं जास्त भरीव वाटतं आणि तुलना तिथेच फसते. मुद्रणाचं वर्षही पाहा. त्याच गायकानं पुढे पुन्हा गायलेलं गाणं संग्रहांत सर्रास मूळ म्हणून खपतं.

मग लय. १५ सेकंदांतले ठोके मोजून चारनं गुणा. पट्टीकडे, म्हणजे गाणं किती उंच वा खालच्या सुरात धरलंय त्याकडे, मी कमी लक्ष देईन, ती बरेचदा गळ्याची सोय असते. लय बदलली की मात्र श्वासाच्या जागा सरकतात, आणि शब्दाचं वजन भलत्याच अक्षरावर पडतं.

‘रिस्पेक्ट’ (मान) हे इंग्रजी गाणं घ्या. १९६५ साली अमेरिकन गायक ओटिस रेडिंगनं गायलं तेव्हा घरी परतणारा पुरुष बाईकडे मान मागत होता. १९६७ मध्ये गायिका अरीथा फ्रँकलिननं तीच मागणी बाईच्या तोंडी दिली. ‘आर-ई-एस-पी-ई-सी-टी’ असं एकेक अक्षर सुटं म्हणण्याचा तो प्रसिद्ध तुकडा मूळ गाण्यात नाहीच! मधला सॅक्सोफोन किंग कर्टिसचा, आणि त्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वरसमूह) सॅम अँड डेव्ह या गायकजोडीच्या वेगळ्याच गाण्यातून उचललेले. याला नक्कल कोण म्हणेल?

‘आय विल ऑलवेज लव्ह यू’ची गोष्ट निराळी. १९७४ चं अमेरिकन गायिका डॉली पार्टनचं मूळ गाणं हळुवार, एक कडवं तर ती नुसतं बोलते. गायिका व्हिटनी ह्यूस्टन १९९२ मध्ये तेच गाताना सुरुवात साथीशिवाय करते. शेवटच्या ध्रुवपदाआधी क्षणभर शांतता, ड्रमचा एकच ठोका, आणि पट्टी पूर्ण एक स्वर (दोन अर्धस्वर) वर. आधीचा संयम नसता तर ती उडी नुसती कसरत ठरली असती. मला डॉलीचं बोलणं जास्त भिडतं, पण ती आवड झाली.

हे गाणं बसवणारे पुष्कळ जण सोयीच्या पट्टीत सुरू करतात आणि उडीनंतर आवाज फाटतो. शेवटच्या ध्रुवपदातला सर्वांत उंच स्वर आधी गाऊन पाहा. तो सहज लागेल ती शेवटची पट्टी धरा, आणि सुरुवात तिच्या पूर्ण एक स्वर खालून करा.